तिसरी तार

मुशेघ, आधी बॅटरीची ऋण तार काढ.
सिगरेट तिकडे, दाराबाहेर.
इथे पेट्रोल आहे, आणि विझवायला मी एकटीच.

तुझी व्होल्गा एकोणऐंशीची,
माझ्याहून अकरा वर्षांनी थोरली,
म्हणून बॉनेट उघडताना मी तिला अहोजाहो करते.

तू सांगतोस: सकाळी एका हाकेत उठते,
ग्युमरी मागे पडेपर्यंत गुणी बाळ.
मग जाजुरच्या घाटात, चढाच्या तिसऱ्या वळणाअलीकडे,
बोलता बोलता कुणी गप्प व्हावं
तशी थांबते.
अर्धा तास बर्फात उभं राहायचं.
मागच्या सीटवर गणिताच्या बाई,
मांडीवर तपासायचे पेपर, हातमोजे घालून
चुका शोधतायत.
मग चावी फिरवली की सुरू,
जणू काही झालंच नव्हतं.

कॉइलला हात लावलायस कधी?
गार असताना नाही रे, थांबल्यावर.
हे बघ, शिवणीतून तेल पाझरलंय,
काळं, चिकट, धूळ खाऊन जाड झालेलं.
आत केसाएवढ्या तारेचे हजारो वेढे,
तापले की एकमेकांना धरतात,
गार झाले की सोडतात.
बारा व्होल्ट आत जातात, वीस हजार बाहेर येतात,
आणि तेही जोडल्यावर नाही,
पॉइंट उघडला, प्रवाह तुटला, त्या क्षणी.
तू म्हणतोस, हे माझ्या बायकोला सांगू नकोस.

जुनी कॉइल दोन बोल्टांत सुटते.
नवी म्हणजे अखुर्यानच्या भंगारातली,
पण तिचा सिरॅमिकचा रेझिस्टर शाबूत,
मी ओहममीटर लावून पाहिलाय, दोनदा.

आता तारा.
चावीकडून येणारी रेझिस्टरच्या अलीकडे.
डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी दुसऱ्या टोकाला.
आणि ही तिसरी, स्टार्टरच्या रिलेकडून,
रेझिस्टरला वळसा घालून.
स्टार्टर फिरतो तेव्हा तो बॅटरीचा दम पितो,
तेवढ्या दोन-तीन सेकंदांत कॉइलला मिळेल ते सगळं हवं असतं.
चावी सोडली की वाट बदलते,
पुढे हात आखडूनच द्यायचं.

पण इथे, बघ, कुणा शहाण्याने
पहिली आणि तिसरी एकाच नटाखाली आवळल्यात.
म्हणजे सुरू करताना पूर्ण, धावताना पूर्ण,
घाटात पूर्ण, उभी असताना पूर्ण.
येरेवानचा असणार. तिकडे सगळ्यांना घाई.
कॉइल भाजणार नाही तर काय होणार?
मी पाना टेकवते, नट सैल करते, आणखी बोलते.

मग टेप.
हिरवी, कापडी, शेवटचं टोक आत दुमडलेलं,
पुढच्या माणसाला सोडवणं सोपं जावं म्हणून.
असं टोक मी दुमडते.
दुसरं कुणी दुमडत नाही.

उणे पंचवीस होतं. रेझिस्टर तुटलेला,
दुकानं बंद, तुला पहाटे निघायचंच होतं.
दोन दिवसांपुरतं, मी म्हटलं होतं.

मी काही बोलत नाही.
तू दाराशी पाठमोरा, धूर बाहेर सोडतोस.
मी तिन्ही तारा आपापल्या जागी लावते,
जाड तार मधल्या भोकात दाबते, टक् होईपर्यंत.
बॅटरी. चावी.
दुसऱ्या फेरीला घेते,
चावी सोडते मी, आणि ती चालूच राहते.

मजुरी नको म्हणते. तू का विचारत नाहीस.
घाट चढलास की फोन कर, एवढंच.

पाऊण तासाने फोन वाजतो.
आधी इंजिन ऐकू येतं, संथ, जागच्या जागी,
मग तुझं सिगरेट पेटवणं.
तिसऱ्या वळणावर थांबलोय, म्हणतोस, आपणहून.
बाईंना दरी बघायची होती.
मग थोडं थांबून:
दोन दिवसांचे पाच हिवाळे झाले, न्वार्द जान.

मी टेपचं टोक बोटाला गुंडाळते, उलगडते.
पलीकडे ती अजून चालू असते.